प्रयोगाचा आराखडा: पहिला सहभागी खुर्चीत बसण्याआधीचं काम

मानसशास्त्रातला प्रयोग फसतो तो बहुधा विश्लेषणात नाही, त्याच्या कितीतरी आधी. डेटा हातात आल्यावर ‘आता कोणती चाचणी लावू?’ असा प्रश्न पडत असेल, तर आराखडा नीट झालेला नाही असं खुशाल समजावं. गट किती, कोण कुठल्या गटात, कोणाला काय आधी आणि काय नंतर, हे ठरलं की चाचणी आपोआप ठरते. म्हणून या लेखात एकच साधा प्रयोग घेऊन तो सुरुवातीपासून बांधू. प्रश्न असा: पाठ करताना मागे शब्द असलेलं गाणं वाजत असेल, तर नंतर कमी आठवतं का?

पायरी १: प्रश्न मोजता येईल असा करा

ज्यात आपण मुद्दाम बदल करतो तो स्वाश्रयी परिवर्त्य, इथे पार्श्वध्वनी. त्याच्या दोन पातळ्या: शांतता आणि गाणं. ज्यावर परिणाम दिसेल असं वाटतं तो आश्रयी परिवर्त्य, म्हणजे आठवलेल्या शब्दांची संख्या. व्हायवात एवढं सांगून सुटका होते, प्रयोगात होत नाही.

पहिला पेच नियंत्रण स्थितीचा. गाण्याच्या वेळी हेडफोन आणि शांततेच्या वेळी मोकळे कान असं ठेवलं, तर फरक गाण्याचा की हेडफोनचा, ते सांगता येणार नाही. दोन्ही वेळा हेडफोन हवाच. दुसरा पेच त्याहून मोठा. निष्कर्षात ‘गाण्यातल्या शब्दांमुळे स्मरण बिघडतं’ असं लिहायचं असेल, तर शांततेशी तुलना पुरत नाही, कारण गाण्यात शब्दांसोबत चालही असते. तीच चाल, तेवढ्याच आवाजात, शब्दांविना, अशी तिसरी पातळी लागेल. आपण तूर्त दोनच पातळ्या ठेवू आणि दावाही तेवढाच करू: शांततेपेक्षा गाण्यात कमी आठवतं का, इतकाच.

आता मोजमाप. २० शब्दांची यादी, पडद्यावर एकेक शब्द २ सेकंद, म्हणजे एकूण ४० सेकंद. लगेच ३० सेकंद ४८७ पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने उलटी मोजणी. मग २ मिनिटं आठवतील ते शब्द कुठल्याही क्रमाने लिहायचे. मधली मोजणी अनेकजण वेळ वाचवायला गाळतात. ती गाळली की यादीतले शेवटचे तीन-चार शब्द अल्पकालीन स्मृतीत ताजे असतात, ते सगळेच लिहून टाकतात आणि स्थितींमधला फरक पुसट होतो. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये दाखवलं होतं की ३० सेकंदांच्या अशा विलंबाने शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा होतो.

गुण कसे द्यायचे तेही आताच लिहून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालेल का? ‘पान’ऐवजी ‘पानं’ लिहिलं तर? एकच शब्द दोनदा लिहिला तर? यादीत नसलेला शब्द आला तर गुण कापायचे की वेगळे मोजायचे? उत्तरपत्रिका समोर आल्यावर हे निर्णय घेतले, तर हात नकळत आपल्या गृहीतकाच्या बाजूने झुकतो.

पायरी २: माणसं वेगळी की तीच?

आराखड्याचा गाभा इथे आहे. दोन संकटांपैकी एक निवडायचं असतं. दोन गटांत वेगवेगळी माणसं घेतली, तर माणसामाणसातला फरक आडवा येतो. तीच माणसं दोन्ही स्थितींतून नेली, तर आधीच्या स्थितीचं सावट पुढच्या स्थितीवर पडतं. विषय कुठला तेवढं बघून आराखडा ठरवू नये. या दोहोंपैकी कुठलं संकट आपल्याला आवरता येईल, ते बघावं.

स्वतंत्र गटांचा आराखडा कुठे टाळताच येत नाही, याचा नमुना म्हणजे लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. नऊ-नऊंच्या पाच गटांना प्रश्न तोच होता, फक्त क्रियापद वेगळं. मोटारींचा ‘चक्काचूर झाला तेव्हा’ अशा अर्थाच्या क्रियापदाला सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला, ‘टेकल्या तेव्हा’ अशा अर्थाच्या क्रियापदाला ३१.८. एकाच माणसाला त्याच अपघाताबद्दल पाच क्रियापदांनी विचारलं असतं, तर दुसऱ्याच प्रश्नाला त्याने डाव ओळखला असता. सूचना, फसवं आवरण, एकदा शिकवलं की विसरता न येणारं तंत्र, असं काहीही असेल तर गट वेगळेच हवेत.

उलट टोकाला स्ट्रूपचं १९३५ चं काम. रंगीत चौकोनांचे १०० रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. भलत्याच रंगात छापलेल्या रंगनामांच्या शाईचे १०० रंग सांगायला ११०.३ सेकंद. दोन्ही यादी त्याच माणसांनी वाचल्या. वाचनाचा वेग माणसागणिक इतका बदलतो, की असल्या कामात ज्याची तुलना त्याच्याशीच केलेली बरी.

आपल्या प्रयोगाचंही तसंच आहे. स्मरणशक्ती कोणाची दांडगी, कोणाची बेताची. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. पाच जण, शांततेत आठवलेले शब्द: १४, ९, १२, ७, १३. त्याच क्रमाने गाण्यात: १२, ८, १०, ६, ११. सरासऱ्या ११ आणि ९.४, फरक १.६ शब्दांचा. हे दोन वेगळे गट मानून स्वतंत्र टी-चाचणी (सरासऱ्यांमधला फरक आकड्यांच्या चढउताराच्या मानाने किती मोठा ते सांगणारी) लावली तर टी येतो सुमारे ०.९५, म्हणजे हाती काहीच नाही. आता प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढा: २, १, २, १, २. सरासरी तीच १.६, पण या फरकांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) जेमतेम ०.५५. जोडीदार टी-चाचणीत, म्हणजे एकाच माणसाची दोन मापनं जोडीने धरणाऱ्या चाचणीत, टी येतो सुमारे ६.५३. आकडे तेच, सरासऱ्याही त्याच. पहिल्या हिशेबात सात शब्दवाल्या आणि चौदा शब्दवाल्या माणसांमधली दरी ‘गोंगाट’ म्हणून छेदात बसली होती; दुसऱ्यात ती वजा झाली. तीच माणसं दोनदा मोजून स्वतंत्र टी-चाचणी लावणं ही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतली नेहमीची चूक, आणि किंमत काय मोजावी लागते ते इथे दिसतंच आहे.

मधला मार्ग जुळवलेल्या गटांचा. बांडुरा, रॉस आणि रॉस यांच्या १९६१ च्या, मोठ्यांचं बघून मुलं बाहुलीला मारतात का हे तपासणाऱ्या प्रयोगात ७२ मुलं होती. त्यांतल्या बऱ्याच मुलांच्या आक्रमकतेचा अंदाज आधीच घेऊन, सारख्या मुलांची त्रिकुटं करून, त्रिकुटातल्या मुलांना यादृच्छिक पद्धतीने गट दिले. गट लहान असतील तेव्हा हा मार्ग कामाचा. मात्र ज्या गुणावर जुळवणी करता त्याचा आश्रयी परिवर्त्याशी घट्ट संबंध हवा. स्मरणाच्या प्रयोगात उंचीवर जोड्या जुळवल्या तर मेहनत वाया. शिवाय जोडीतला एक गळाला की दुसऱ्याचाही डेटा लटकतो.

पायरी ३: किती माणसं लागतील

‘तीस पुरेत’ हा सल्ला ऐकू येतो तिथून काढता पाय घ्या. संख्या तीन गोष्टींवर ठरते: परिणाम केवढा अपेक्षित आहे, सार्थकता पातळी कोणती (नसलेला परिणाम आहे असं मानण्याची जोखीम किती चालेल), आणि सामर्थ्य, म्हणजे खरा परिणाम हुकू नये याची खात्री, किती हवं. दोन बाजूंची ०.०५ पातळी आणि ८० टक्के सामर्थ्य धरलं, तर स्वतंत्र गटांसाठी मध्यम परिणामाला (०.५, म्हणजे सरासऱ्यांमधला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ लागतात. मोठ्या परिणामाला (०.८) गटात २६ पुरतात. लहान परिणाम (०.२) शोधायचा तर प्रत्येक गटात ३९० हून जास्त माणसं लागतात. गटात पंधरा-पंधरा जण घेऊन ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणाऱ्याने फरक शोधायला पुरेसं बघितलेलंच नसतं.

पुनरावृत्त मापनात, म्हणजे तीच माणसं सगळ्या स्थितींत मोजली तर, ०.५ च्या परिणामाला ३४ जण भागतात. इथे एक खोच आहे. हा ०.५ दोन सरासऱ्यांमधला नेहमीचा परिणाम-आकार नाही, तर फरकांची सरासरी भागिले फरकांचं प्रमाण विचलन. दोन्ही मापनांतला सहसंबंध ०.५ असेल तेव्हाच हे दोन आकडे सारखे येतात. सहसंबंध त्याहून कमी असला तर ३४ पुरणार नाहीत. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशेब करून देतं, पण कुठला परिणाम-आकार मागतंय ते वाचूनच आकडा भरा.

पायरी ४: वाटणी

यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक वाटणी या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. निवड म्हणजे कोण प्रयोगात येणार. तिच्यावर निष्कर्ष कोणाला लागू पडेल ते ठरतं. वाटणी म्हणजे आलेल्यांपैकी कोण कुठल्या गटात. कार्यकारणाचा दावा तिच्यावर उभा असतो. निवड खऱ्या अर्थाने यादृच्छिक असलेले प्रयोग फार थोडे. वाटणीत मात्र तडजोड चालत नाही.

आलटून-पालटून गट देणं म्हणजे यादृच्छिक वाटणी नव्हे. आधी आलेले एकात आणि उशिरा आलेले दुसऱ्यात, हे तर नव्हेच. वक्तशीर माणसं आणि रेंगाळणारी माणसं वेगळी असतात. नुसती नाणेफेक केली तर ४० जणांत १५-२५ अशी विषम विभागणी होऊ शकते. त्यावर उपाय ठोकळ्यांचा. चार-चारचे ठोकळे करा, प्रत्येकात दोन शांततेचे, दोन गाण्याचे, आणि ठोकळ्यातला क्रम संगणकाकडून यादृच्छिक घ्या. ठोकळा चारचाच आहे हे कळलं की चौथ्याचा गट ओळखता येतो, म्हणून मधूनमधून सहाचा ठोकळा मिसळा. यादी आधीच तयार करून बंद पाकिटांत ठेवावी आणि सहभागीने संमतीपत्रावर सही केल्यावरच पाकीट फोडावं.

पायरी ५: क्रमाचा बंदोबस्त

आपला प्रयोग पुनरावृत्त मापनाचा, तेव्हा पाकिटात गट नसेल, क्रम असेल. सगळ्यांना आधी शांतता आणि मग गाणं दिलं, तर दुसऱ्या वेळचा थकवा किंवा सराव गाण्याच्या खात्यात जमा होतो. म्हणून अर्ध्यांना एक क्रम, अर्ध्यांना उलटा. याला प्रतिसंतुलन म्हणतात आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. निसटते ती शब्दांची यादी.

तीच यादी दोनदा वापरता येत नाही, म्हणून दोन याद्या लागतात. यादी १ कायम शांततेत आणि यादी २ कायम गाण्यात ठेवली, तर यादी २ थोडी अवघड असण्यानेही हवा तो ‘निकाल’ मिळेल. दोन्ही याद्यांत सारख्या लांबीचे, रोजच्या वापरातले, डोळ्यांसमोर वस्तू उभी करणारे शब्द घ्याच. एका यादीत पाच फळं आणि दुसरीत एकही नाही, असं नको. एकाच जातीचे शब्द एकमेकांना ओढून आणतात. तरीही याद्या फिरवायलाच हव्यात. अशा चार रांगा होतात:

- रांग १: आधी शांतता, यादी १, मग गाणं, यादी २
- रांग २: आधी शांतता, यादी २, मग गाणं, यादी १
- रांग ३: आधी गाणं, यादी १, मग शांतता, यादी २
- रांग ४: आधी गाणं, यादी २, मग शांतता, यादी १

प्रत्येक रांगेत सारखी माणसं हवीत, म्हणून ३४ चे ३६ करायचे, रांगेत नऊ. दोन स्थितींमध्ये पाच मिनिटांची विश्रांती ठेवा आणि त्या वेळात फोन बघू देऊ नका. कोण काय वाचेल याचा भरवसा नाही.

स्थिती तीन असतील तर सहा क्रम, ते सगळे वापरता येतात. चारला २४ होतात, तिथे संतुलित लॅटिन चौकोन घ्यावा. चार स्थितींना क, ख, ग, घ म्हटलं तर चार ओळी पुरतात: क ख घ ग, ख ग क घ, ग घ ख क, घ क ग ख. प्रत्येक स्थिती प्रत्येक जागी एकदाच येते आणि प्रत्येकीच्या लगेच आधी इतर तिन्ही एकेकदा येतात. स्थितींची संख्या विषम असेल तर एका चौकोनात हे साधत नाही, दुसरा उलट्या क्रमाचा चौकोन जोडावा लागतो.

प्रतिसंतुलनाला न जुमानणारी एक गोष्ट राहते. समजा एका स्थितीत शब्दांची गोष्ट गुंफून पाठ करायला शिकवलं आणि दुसरीत नुसतं घोकायला सांगितलं. गोष्ट आधी शिकलेला माणूस नंतर घोकताना गोष्टच रचणार. घोकून आलेल्याचं तसं काही होत नाही. सावट एकाच दिशेने पडतं, ते सरासरीत कटत नाही. अशा वेळी हट्ट सोडून स्वतंत्र गट घ्यावेत. संशय असेल तर फक्त पहिल्या वेळच्या मापनांची तुलना करून बघा. चित्र एकदमच वेगळं दिसलं तर क्रमाने गोंधळ घातला आहे.

दोन परिवर्त्य एकत्र

घटकीय आराखड्याची गंमत आंतरक्रियेत असते. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना (डायव्हर्सना) ३६ शब्दांच्या याद्या जमिनीवर किंवा पाण्याखाली ऐकवल्या आणि आठवायलाही जमिनीवर किंवा पाण्याखाली लावलं. दोन गुणिले दोन, चार कप्पे. जमिनीवर शिकून जमिनीवर सरासरी १३.५ शब्द आठवले, जमिनीवर शिकून पाण्याखाली ८.६, पाण्याखाली शिकून जमिनीवर ८.४, पाण्याखाली शिकून पाण्याखाली ११.४. ‘पाण्याखाली स्मरण बिघडतं का?’ असा एकेरी प्रश्न विचारला तर उत्तर गुळमुळीत येतं. आठवण्याची जागा बदलल्याचा फरक दोन्ही ओळींत काढा: जमिनीवर शिकलेल्यांचा ४.९ ने तोटा, पाण्याखाली शिकलेल्यांचा ३ ने फायदा. चिन्हंच उलटी आहेत. हा फरकांमधला फरक म्हणजे आंतरक्रिया. आलेखात रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा मुख्य परिणामांवर परिच्छेद खर्ची घालू नये. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतून पक्का होऊन बसला असला, तरी २०२१ मध्ये पाणबुड्यांवरच केलेल्या पुनर्प्रयोगात तो आढळला नाही, हेही लक्षात असू द्यावं.

परिवर्त्य वाढवण्याचा मोह आवरा. २ गुणिले २ चं २ गुणिले २ गुणिले ३ केलं की १२ कप्पे होतात, आणि तिहेरी आंतरक्रिया आली तर ती तुम्हाला स्वतःलाच समजावून सांगता येत नाही. आंतरक्रिया पकडायला साध्या फरकापेक्षा बरीच जास्त माणसंही लागतात.

वाटणी करताच येत नाही तेव्हा

वय, लिंग, निदान, शाळेचा वर्ग यांची चिठ्ठी काढता येत नाही. असा परिवर्त्य असलेला अभ्यास प्रयोगसदृश असतो. त्यात कार्यकारणाची भाषा जपून वापरावी. इथला सगळ्यात फसवा खड्डा सरासरीकडे परतण्याचा. चिंतेच्या चाचणीत सर्वांत वरचे वीस जण निवडले, त्यांना सहा आठवडे शिथिलीकरण शिकवलं आणि गुण उतरले. ते काहीही न शिकवता थोडे उतरलेच असते, कारण टोकाच्या गुणांत त्या दिवसाच्या योगायोगाचा वाटा असतो. तसेच निवडलेले, पण प्रशिक्षण न दिलेले लोक शेजारी ठेवले तरच खरा परिणाम किती ते कळतं. पूर्वचाचणीनेच माणसं सावध होतात अशी शंका असेल, तर सॉलोमन यांचा १९४९ चा चार गटांचा आराखडा आहे: दोन गटांना पूर्वचाचणी, दोघांना नाही, आणि प्रत्येक जोडीत एकालाच उपचार. माणसं दुप्पट लागतात, म्हणून तो शिकवला जातो जास्त आणि वापरला जातो कमी.

पायरी ६: रंगीत तालीम

पाच-सहा जणांवर पूर्ण प्रयोग करून बघा. यांचा डेटा अंतिम हिशेबात धरायचा नाही. बघायचं ते हे: २० पैकी १८-१९ सगळ्यांनाच आठवतायत का? मग मोजपट्टीला वर जागाच उरली नाही. यादी ३० ची करा किंवा वेळ दीड सेकंदावर आणा. सगळे ३-४ वर अडकले असतील तर उलट करा. सरासरी मधोमध, ८ ते १२ च्या आसपास असली की फरकाला दोन्हीकडे वाव राहतो. सूचना मोठ्याने वाचून झाल्यावर सहभागीला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. जिथे तो अडखळतो तिथलं वाक्य बदला.

सूचना छापील किंवा ध्वनिमुद्रित असाव्यात. रोझेन्थाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये १२ विद्यार्थ्यांना पाच-पाच उंदीर दिले, निम्म्यांना ‘हुशार’ जातीचे म्हणून, निम्म्यांना ‘मठ्ठ’ जातीचे म्हणून. उंदीर सगळे सारखेच होते, तरी ‘हुशार’ उंदरांनी चांगली कामगिरी केली. अपेक्षेने उंदीर बदलत असेल, तर समोर बसलेल्या माणसाला तुमच्या आवाजातला चढउतार कळणारच. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला स्थिती कळू नये म्हणून त्यावर फक्त सांकेतिक क्रमांक घाला.

पायरी ७: डेटा बघण्याआधीचा कागद

एका पानावर लिहा आणि तारीख घाला: मुख्य मोजमाप कोणतं (एकच), चाचणी कोणती, किती जण झाल्यावर थांबणार, कोणाचा डेटा कोणत्या कारणाने वगळणार. उदाहरणार्थ, उलटी मोजणी थांबवून शब्द पुटपुटणारा बाद, हेडफोन काढणारा बाद. ‘गुण विचित्र वाटले’ हे कारण होत नाही. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की असे चार-पाच छोटे निर्णय डेटा बघून घेतले तर खोटा निकाल सार्थक ठरण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत चढते. दर दहा जणांनंतर डोकावून ‘झालं का सार्थक?’ बघणं यातलंच. हे पान ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधकांच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी म्हणून ठेवता येतं.

गळती दोन्ही बाजूंना किती झाली ते मोजा. एका गटातून दोन आणि दुसऱ्यातून नऊ जण निघून गेले, तर उरलेले गट आता यादृच्छिक राहिलेले नाहीत, आणि हे कुठल्याही चाचणीने दुरुस्त होत नाही.

शेवटी सहभागीला प्रयोगाचा उद्देश सांगायचा असतो. तो सांगण्याआधी दोन प्रश्न कागदावर विचारून घ्या: ‘हा प्रयोग कशाबद्दल होता असं वाटलं?’ आणि ‘त्यामुळे तुम्ही काही वेगळं केलं का?’ क्रम महत्त्वाचा. आधी उद्देश सांगितला, तर सगळेच ‘मला वाटलंच होतं’ म्हणतात. नेमकं ओळखणाऱ्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा, असं विश्लेषण दोनदा करा आणि अहवालात दोन्ही आकडे द्या.